कु. मंगल आणि पार्टी

"नाव ठेवायचं गचांडी," मी म्हटलं. "रोज एका गाण्याला गचांडी. शेवटी जे उरेल ते राजा."

इरफान मुजावरनं उघड्या टेपमध्ये फुंकर मारली आणि चष्मा कपाळावर चढवला. "जरा घाण वाटतंय रे पल्या. ग्रुपवर बायका आहेत, रिटायर माणसं आहेत."

"म्हणूनच म्हणतोय. 'गीत महोत्सव' असलं काही ठेवलंस तर सगळी झोपतील. सकाळी उठल्या उठल्या टाकायचं, 'आज कुणाला गचांडी?' बघ मग, एकेकाचा चहा गार होतोय की नाही."

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं ते. दुकानं उघडली होती, पण मिरवणुका नाहीत, वाढदिवस नाहीत, कुणी कुणाचा हार्दिक अभिनंदनाचा बोर्ड लावत नव्हतं. इचलकरंजीत माझं डिजिटल बोर्डाचं, म्हणजे फ्लेक्स छापायचं दुकान, शेजारी इरफानचं टेप दुरुस्तीचं. माझ्या मशीनवर कोळ्यानं जाळं केलेलं आणि त्याच्याकडं टेप घेऊन येणारं तर तसंही कुणी राहिलं नव्हतं. पण इरफाननं 'कॅसेटवाले' नावाचा ग्रुप काढला होता. कोल्हापूर, सांगली, मिरजेतल्या बारक्या कंपन्यांनी आमच्या लहानपणी ज्या कॅसेटी काढल्या, गणपतीची गाणी, ऑर्केस्ट्रा, चावट लोकगीतं, त्यांचे वेडे सगळे त्यात. कुणाला कव्हर सापडलं तरी दिवसभर चर्चा. ग्रुपला काहीतरी खेळ पाहिजे म्हणून आम्ही दोघं डोकं लावत बसलो होतो.

नियम सोपे केले. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक गाणं सुचवायचं. मग रोज प्रत्येकानं एक नाव लिहायचं, बाहेर काढायचं त्याचं. ज्याला जास्त मतं ते गाणं बाहेर. शेवटी उरलेल्या गाण्याचा गायक हयात असेल तर ग्रुपनं जाऊन त्याला फेटा बांधायचा, शाल-नारळ द्यायचा. पंच मी. म्हणजे रोज संध्याकाळी निकाल माझ्या तोंडानं.

"तू पंच?" इरफान म्हणाला. "बँकेची मॅडम होऊन लोकांना फोन करणारा माणूस पंच?"

"म्हणून तर. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, म्हणजे कुणी रुसणार पण नाही."

हे खरं होतं. बाईचा आवाज काढून फोन करणं हा माझा जुना धंदा. गॅसवाली झालो, बँकेची झालो, आणि त्याच वर्षी लसीकरणाची नर्स होऊन सांगलीच्या दीपक आवटीला बंद शाळेपुढं उन्हात उभं केलं होतं, रिकाम्या पोटी. त्यानं मला नंतर ज्या शिव्या दिल्या त्या मी रिंगटोन करून ठेवल्या होत्या.

गाणी यायला लागली. इरफान वाचत होता, मी बोर्डाच्या रद्दी तुकड्यावर उतरवून घेत होतो.

"कुरुंदवाडच्या मगदूमकाकांनी पाठवलंय," तो म्हणाला. "'डबल बेल'. कुमारी मंगल आणि पार्टी."

मी पान थुंकायला बाहेर गेलो. पान तोंडात नव्हतंच.

परत आलो आणि म्हटलं, "ते नको घेऊ. फालतू आहे."

"फालतू? काकांचा जीव आहे त्यात. एसटीत कंडक्टर होते ते. आणि गाणं झक्क आहे की. ती पोरगी काय गायलीय!"

ती पोरगी म्हणजे मी.

नववीत होतो. आवाज फुटायला उशीर झालेला. गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात खुळखुळा वाजवायचो आणि कोरसमध्ये ओरडायचो. कोल्हापुरात एका खोलीत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आमचं रेकॉर्डिंग होतं. गाणारी बाई आलीच नाही. कंपनीवाला वैतागला, आणि मी मागं बसून तिचीच ओळ गुणगुणत होतो ती त्याच्या कानावर पडली. "ए पोरा, इकडं ये. तूच म्हण." एसटीत बसलेली पोरगी मुद्दाम आपलं गाव जाऊ देते आणि कंडक्टरला म्हणते, "अहो कंडक्टर, डबल बेल द्या की, माझं गाव मागं गेलं, मला पुढं न्या की." झालं. कव्हरवर पोराचं नाव टाकलं तर कॅसेट कोण घेणार? त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून कुमारी मंगल.

गाणं चाललं. हॉटेलात, वडापच्या जीपमध्ये, जत्रेत. एक दिवस वडलांबरोबर चहाला गेलो होतो, ते यंत्रमागावर कामाला होते, सुट्टी झाली की मला घेऊन जायचे. हॉटेलात तेच गाणं लागलं. आता सांगतो म्हणून मी तोंड उघडलं. वडलांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कप तसाच ठेवला आणि म्हणाले, "कुणाची पोरगी आहे कुणास ठाऊक. बापानं तोंड कुठं दाखवायचं?"

मी पाव चहात बुडवला आणि खाल्ला. त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही. वडलांना नाही, बायकोला नाही, इरफानला नाही.

तर मी ठरवलं, पहिल्याच दिवशी ह्या मंगलला गचांडी द्यायची. पंचाला मत नव्हतं, पण तोंड होतं की. ग्रुपवर लिहिलं, "हे गाणं ऐकून आमच्या गल्लीतल्या म्हशीनं दूध बंद केलं होतं." दुसऱ्या दिवशी कॅसेटच्या कव्हरवर मंगलच्या जागी म्हैस चिकटवून फोटो टाकला. लोक पोट धरून हसले आणि मत दिलं दुसऱ्याच गाण्याला. "पल्या एवढा जळतोय म्हणजे गाण्यात दम आहे," दीपकनं लिहिलं. "मी तर ह्याला शेवटपर्यंत ठेवणार." मी जेवढा मागं लागलो तेवढी मंगल वर चढत गेली.

आणि मगदूमकाका. तवनाप्पा मगदूम. माणूस ग्रुपवर एरवी 'शुभ सकाळ' पलीकडं जायचा नाही. आता एकेकाला फोन करून समजावत होते. मलाही फोन.

"प्रल्हादराव, तुम्ही पंच आहात, तुम्हाला मत मागत नाही. पण म्हशीचं तेवढं नको होतं."

"काका, चेष्टा हो."

"गाण्याची करा की. बाईंची नको. त्या कुठंतरी असतील. वाचत असतील."

मी म्हटलं, "बरं."

काही दिवसांनी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. गाणं जिंको न जिंको, कुमारी मंगल यांचा पत्ता कुणाकडं असला तर द्यावा. शाल मला माझ्या हातानं द्यायची आहे. त्यापुढं आणखी एक. कोल्हापूरला जाऊन आलो. कंपनी होती तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात. मालकाचा मुलगा भेटला. तो म्हणतो, वडील सांगायचे, ती इचलकरंजीची होती.

"ऐकलंस का?" इरफान भिंतीपलीकडनं ओरडला. "आपल्या गावची निघाली! काका येणार आहेत शोधायला. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या माणसांना भेटणार म्हणतात. तुझ्या गल्लीत होता ना रे एक ऑर्केस्ट्रा?"

"बंद पडला कधीच."

"माणसं तर असतील?"

माणसं होती. ढोलकीवाला शंकर अजून रोज सकाळी माझ्या दुकानासमोर उभा राहून तंबाखू मळायचा. त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला नव्हता, एवढंच.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दुसऱ्या नंबरचा जुना फोन काढला. गाणी दोनच उरली होती, 'डबल बेल' आणि 'बाप्पा बुलेटवर'. घसा खाकरला, आवाज चढवला.

"हॅलो, मगदूम कंडक्टर का?"

"बोलतोय."

"मी मंगल. गाणं म्हटलेली."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माणूस फोनवर उभा राहिला.

"बोला बाई."

"आवाज जरा जाड झालाय," मीच म्हटलं. "वय झालं."

"होणारच की. आमचे गुडघे गेले." मग एकदम घाईघाईनं, "कुठं असता? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. पण एक विनंती होती. ते गाणं काढून टाका तुम्ही. मला शोधू नका. शाल नको, काही नको."

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. पण विचारायला तुम्ही सापडल्या पाहिजेत, आणि शोधायला जावं तर हे असं." मग आवाज खाली आणला. "एक विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"आमच्यावर गाणी काय कमी झाली? सगळ्यात कंडक्टर म्हणजे एकतर बावळट नाहीतर चावट. सगळी आपली अरे-तुरे. तुम्ही एकट्याच 'अहो कंडक्टर' म्हणालात. डेपोत पोरं चिडवायची मला, मगदूम, तुझी मंगल लागली बघ हॉटेलात. मला बरंच वाटायचं. तर ते 'अहो' तुम्हाला लिहून दिलं होतं, का तुमचं तुम्ही घातलं?"

लिहून दिलं होतं 'अरे' आणि 'दे की'. कंपनीवाला ओरडला पण होता, अरे म्हण, त्यात मजा आहे. परत म्हटलं तर परत 'अहो'च आलं. रोज पास दाखवून शाळेला जाणारा पोरगा मी.

"कंडक्टरला अरे कसं म्हणायचं?" मी म्हटलं.

"तेच," काका म्हणाले. "तेच वाटलं होतं मला."

पुढचं कारण माझं तयार होतं. सासू कडक, नवरा संशयी, सगळं पाठ. त्यांनी विचारलं, "घरच्यांना चालत नाही का?" आणि माझ्या तोंडातनं आलं भलतंच.

"वडलांनी ऐकलं होतं. म्हणाले, कुणाची पोरगी आहे, बापानं तोंड कुठं दाखवायचं."

त्यापुढं बोलता येईना. मंगलच्या आवाजात येईना, माझ्याही येईना.

"बाई, रडू नका," काका म्हणाले. "मी बघतो. माझ्याकडनं कुणाला काही कळणार नाही. तुम्ही निर्धास्त ठेवा फोन."

शेवटच्या दिवशी सकाळी पहिलं मत आलं ते त्यांचं. 'डबल बेल' ला गचांडी. खाली लिहिलं होतं, आजवर ज्यांनी माझ्या शब्दाखातर हे गाणं ठेवलं त्यांनीही आज हेच करावं ही हात जोडून विनंती. कारण विचारू नये.

ग्रुप पेटला. कारण विचारू नये म्हटल्यावर दुसरं कोण काय विचारणार?

"काका, इतके दिवस आमचं डोकं खाल्लंत ते कशाला?"

"कंडक्टरनंच प्रवासी उतरवला!"

"बुलेटवाल्यांनी काकांना मॅनेज केलं वाटतं."

आणि दुपारी दीपक आवटीचं, "पत्ता सापडला वाटतं मंगलबाईंचा. भेटायला गेले आणि तिनं राखी बांधली."

त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग दुसऱ्यानं लिहिलं, ह्या वयात. तिसऱ्यानं लिहिलं, काकूंना कळवा रे कुणीतरी. काका ऑनलाइन दिसत होते, सगळं वाचत होते, पण बाईंना दिलेला शब्द पाळत होते.

एरवी असल्या जत्रेत पहिला मी. त्या दिवशी माझ्याकडं बघून इरफान म्हणाला, "काय रे, ताप आहे काय?"

संध्याकाळी निकाल टाकला. 'डबल बेल' बाहेर. 'बाप्पा बुलेटवर' राजा. त्यावर कुणाचं लक्षच नव्हतं. राखी चालूच होती.

मी फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबून बोललो. "मी प्रल्हाद शिंत्रे. काकांना कुणी काही बोलू नका. कुमारी मंगल मीच. नववीत असताना मीच म्हटलंय ते गाणं." आणि खात्री पटावी म्हणून त्या आवाजात पहिली ओळ म्हटली. आवाज थोडा फाटला, पण होता तोच. पाठवून दिलं आणि फोन उलटा ठेवला.

तो थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. उचलून बघतो तर, "नाद खुळा पल्या!" "हुबेहूब!" "म्हशीनंतर हे, ह्या माणसाला पदक द्या." दीपकनं लिहिलं होतं, "नर्सपेक्षा भारी. पण ह्या वेळी नाही फसणार."

इरफान शटरखालनं वाकून आत आला. "आवाज लई भारी काढलास. पण आज नको होता रे. म्हाताऱ्याला किती छळायचं?"

"इरफान, खरंच मीच आहे."

"हो. आणि मी तुझी सासू."

"आईशप्पथ."

"गेल्या महिन्यात आईशप्पथ म्हणूनच मला कर्नाटकची लॉटरी लागली होती," इरफान म्हणाला आणि गेला.

तेवढ्यात काकांचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "प्रल्हादराव, उद्या घरी यावे."

कुरुंदवाडला पोचलो तेव्हा काका पुढच्या सोप्यात बसले होते. धुतलेला शर्ट, वरचं बटण लावलेलं. काकूंनी पाणी आणून दिलं, माझ्याकडं न बघता, आणि त्या आत गेल्या. आतनं भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, जरा जास्तच जोरात.

"बसा."

बसलो.

"काल आमच्या दोन्ही सुनांनी वाचलं ते," काका म्हणाले. "राखीचं. त्याचं मला काही नाही. आयुष्यभर लोकांचं ऐकलंय, सुट्ट्यावरनं, सीटवरनं. पण तुम्ही जे केलं ते वाईट केलं."

"काका, मी चेष्टा केली नाही. मंगल मीच."

"आवाज काढता येतो तुम्हाला. ऐकला मी."

"तुम्हाला फोन आला होता ना? तो मीच केला होता. 'अहो' वरनं विचारलंत तुम्ही. वडलांचं सांगितलं मी."

हे बोललो आणि त्यांचा चेहरा बघितला. मला वाटलं होतं, आता पटलं. ते हळूहळू लाल होत गेले.

"म्हणजे बाईंनी तुम्हालाही फोन केला," ते म्हणाले. "करणारच. पंच तुम्ही. मला सांगितलं ते तुम्हालाही सांगितलं, बिचारीनं विश्वासानं. आणि तुम्ही तिचा आवाज काढून दाखवला सगळ्यांना."

"काका, तसं नाही हो—"

"प्रल्हादराव." त्यांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा. "तीस वर्षं मी पॅसेंजर बघितलेत. पास खोटा आहे का खरा, हातात घ्यायच्या आधी तोंडावरनं सांगायचो. त्या फोनवर बाई होत्या. रडत होत्या हो. तसं रडायचं सोंग कुणाला येत नाही. तुम्हाला तर नाहीच."

शंकरला साक्षीला आणलं असतं, तो दुसरा नंबर दाखवला असता, तरी त्यांनी ते माझं नवं सोंगच धरलं असतं. सांगण्यासारखं जे काही माझ्याकडं होतं ते सगळं सांगून झालं होतं.

"मला नका माफी मागू," काका म्हणाले. "माझं काय गेलंय? त्यांची मागा."

"कुणाची?"

"बाईंची. ग्रुपवर. म्हशीपासनं सगळं. त्या नाहीत ग्रुपवर, पण असल्या गोष्टी पोचतात कुठनंतरी. आणि लिहून नको. लिहिलेलं तुमचं चेष्टेचं वाटतं. आवाजात पाठवा. तुमच्या आवाजात."

मी फोन काढला. काकांनी पंख्याचं बटण बंद केलं, रेकॉर्डिंगला आवाज नको म्हणून. मी बटण दाबलं.

"मी प्रल्हाद शिंत्रे. कुमारी मंगल यांच्या गाण्याला मी फालतू म्हटलं. त्यांच्या तोंडाच्या जागी म्हैस लावली. गाणं वाईट नव्हतं. चांगलं गायल्या होत्या त्या. मीच—" इथं अडकलो. काका बघत होते. "त्यांनी तोंड लपवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. माफ कर मंगल."

बटणावरनं बोट उचललं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

काकांनी माझ्या हातातला फोन कानाला लावून पूर्ण ऐकला. परत दिला.

"'माफ कर' नाही, 'माफ करा' म्हणा," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं. पुटपुटल्यासारखं झालंय. कुठं असतील तिथनं त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मी उठून उभा राहिलो आणि परत पहिल्यापासनं म्हणालो, मोठ्यानं.